शब्दचर्चा: धूळपाटी

कोरेगावकर: साताऱ्यातल्या महाविद्यालयीन मुलांना मराठी विकिपीडियावर संपादन शिकवायचं आहे. सरावाच्या जागेला तिथे 'धूळपाटी' म्हणतात. मुलांना शब्द अनोळखी आहे. 'कच्चं पान' म्हटलं तर चालेल का?

वाईकर: धूळपाटीच ठेवा, पण आधी अर्थ सांगा. फळीवर बारीक धूळ पसरून बोटानं किंवा काडीनं अक्षरं गिरवायची, चुकलं की हात फिरवायचा. 'धुळाक्षर' हा शब्दही त्यातलाच. अंकगणिताला जुन्या ग्रंथांत 'पाटीगणित' आणि 'धूलिकर्म' म्हटलंय, तेही या पाटीवरूनच. कच्चं पान पुढे पक्कं व्हावं अशी अपेक्षा असते. धूळपाटीवरचं मोडलं तरी कुणाचं काही अडत नाही, आणि नवख्याला हाच धीर हवा असतो.

कराडकर: अर्थ सुंदर आहे, पण एका जागी तो फसवतो. धूळ पुसली की अक्षर गेलं. इथे जात नाही. एकदा जतन केलेली प्रत्येक आवृत्ती पानाच्या इतिहासात राहते आणि ती कुणालाही उघडता येते. मुलं सराव म्हणून मोबाइल नंबर, हजेरी क्रमांक लिहितात, मग पुसतात आणि निर्धास्त होतात. म्हणून तीन क्रियापदं वेगळी शिकवा. 'पुसणं' म्हणजे आत्ताचा मजकूर काढणं, 'उलटवणं' म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परत जाणं. ही दोन्ही कुणालाही जमतात. 'वगळणं' म्हणजे अख्खं पान काढणं, ते फक्त प्रचालकांच्या, म्हणजे जादा अधिकार दिलेल्या सदस्यांच्या हातात.

सगळ्यांना एकाच सामाईक धूळपाटीवर बसवू नका. दोघांनी एकाच वेळी तोच भाग बदलला की मागून जतन करणाऱ्याचं अडतं. प्रत्येकाची पाटी वेगळी: 'सदस्य:', पुढे खात्याचं नाव, मग तिरकी रेघ (/) आणि 'धूळपाटी'.

कोरेगावकर: खाती तिथेच, संगणक कक्षात उघडली तर?

कराडकर: सातव्या मुलाला अडेल. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या एका क्रमांकावरून, दिवसाला सहाच खाती उघडता येतात आणि कक्षातली सगळी यंत्रं बहुधा एकाच पत्त्यावर असतात. मुलांनी आदल्या दिवशी आपापल्या मोबाइल डेटावर खाती उघडावीत. महाविद्यालयाच्या नावाचं एक सामाईक खाते नको; एक खातं, एक माणूस.

कोरेगावकर: आणि 'नोंद' म्हणायचं की 'लेख'?

वाईकर: वाईच्या मराठी विश्वकोशात 'नोंद', विकिपीडियावर 'लेख'. फरक नुसत्या शब्दाचा नाही. विश्वकोशात नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव छापतात, म्हणून मुलंही लेखाखाली नाव घालतात. विकिपीडियात लेखाला सही नसते. कुणी काय लिहिलं ते इतिहासात दिसतं. चार टिल्डांची (~~~~) सही फक्त चर्चापानावर.

कराडकर: टंकनाचंही आधी बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर चिकटवला की निरर्थक चिन्हं उमटतात. संपादन चौकटीत कंट्रोल आणि एम दाबून मराठी टंकन चालू-बंद होतं. 'अक्षरांतरण' निवडलं की रोमन कळांवरून देवनागरी येतं.

वाईकर: आणखी एक. 'पाटीवरच तर आहे' म्हणून मुलं वर्तमानपत्रातला प्रीतिसंगमावरचा लेख जसाच्या तसा डकवतात. प्रताधिकार (कॉपीराइट) धूळपाटीलाही लागू आहे. वाचावं, मिटावं आणि आपल्या शब्दांत चार वाक्यं लिहून प्रत्येकाला संदर्भ जोडावा.