जुन्या मियाटाचं कूलंट: वरून भरू की सगळंच बदलू?

हौशीचालक:
मंडळी, मी न्यू जर्सीत असतो. गेल्या महिन्यात १९९४ची माझदा मियाटा (१.८ लिटर इंजिनची) घेतली. बायको म्हणते खेळणं आहे, तेही खरंच. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी टाकीवरच्या 'लो' खुणेच्या खाली गेलीय, आत गढूळ हिरवं दिसतं. शेवटचं कधी बदललं देव जाणे. दुकानात हिरवं, नारिंगी, गुलाबी असे सगळे रंग आहेत. कोणतं ओतू? की सगळंच काढू? जॅक आणि दोन स्टँड आहेत.

पानापक्कड:
रंगावर जाऊ नका, तो नुसता घातलेला रंग असतो. कॅनवरचं बारीक अक्षर वाचा. जपानी गाड्यांना फॉस्फेट असलेलं, सिलिकेट नसलेलं कूलंट मानवतं. आज तेवढ्यापुरतं, इंजिन गार असताना, थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको, क्षार बसतात. थंडीच्या आत मात्र बदलाच. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत न गोठता तग धरतं, जास्त पाण्याने पातळ झालेलं तेवढं तग धरत नाही.

आणि पातळी उतरली म्हणजे कुठून तरी गळतंय. रेडिएटरच्या (कूलंट गार करणाऱ्या पुढच्या जाळीच्या) वरचं काळं प्लास्टिक तपकिरी पडलंय का बघा. पडलं असेल तर आधी रेडिएटर बदला, नाहीतर नवं कूलंट रस्त्यावर.

रविवारगॅरेज:
+१. बदलताना आधीच पाणी घातलेलं तयार मिश्रण आणू नका, मी त्यातच फसलो होतो. रेडिएटरचा खालचा ड्रेन प्लग (कूलंट सोडायचं बूच) काढला तरी इंजिन ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच राहतं. डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा धुतलंत की आत राहतं ते पाणीच, त्यावर तयार मिश्रण ओतलं की सगळं पातळ. गाडीत एकूण साधारण ६ लिटर मावतं, म्हणून कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं कूलंट) ३ लिटर आधी ओता आणि वर मावेल तेवढं डिस्टिल्ड.

मग गाडीचं नाक जॅकवर वर घ्या, हीटर फुल गरम, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करा. बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. हीटरमधून गार वारा आला तर हवा अडकलीय समजा. गरम झाल्यावर झाकण उघडायचं नाही, अजिबात! ड्रेन प्लग प्लास्टिकचा आहे, जोर लावू नका.

हौशीचालक:
पाहिलं. प्लास्टिक काळं कुठलं, पार चहाच्या रंगाचं झालंय. रेडिएटर मागवला. काढलेलं जुनं कूलंट गटारात चालेल का?

पानापक्कड:
अहो नको! चवीला गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, काउंटीचा घातक कचरा गोळा करायचा दिवस असतो तेव्हा नेऊन द्या. कॅनवर आत काय आहे ते लिहा, घरात पोरं असतील तर.

रविवारगॅरेज:
दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा. माझी अर्धा इंच उतरली होती.