कांडी अर्ध्यावर विझण्याबद्दल

एकांनी विचारलंय की घरी केलेली धूपकांडी अर्ध्यावर विझते, कापूर वाढवू का? कापूर नको. तो भपकन पेटून उडून जातो, खालचं मिश्रण तसंच राहतं. बहुतेक वेळा कांडी आतून ओली असते, नाहीतर गुग्गुळ-लोबान जास्त झालेलं असतं. ही राळ जातीची द्रव्यं स्वतः नीट धुमसत नाहीत, वितळून निखारा गुदमरवतात. विझलेलं टोक निरखून बघा. काळं, चकचकीत, बुडबुडे आलेलं दिसलं तर राळ कमी करून चंदनाची किंवा दुसऱ्या लाकडाची भुकटी वाढवा.

जिगट पावडर (मिश्रण चिकटवणारी झाडाच्या सालीची पूड) हात राखून घाला. बांधायला हवीच, पण जास्त झाली तर कांडी कडक होते आणि सुकताना वाकते. पाणी कोमट, थोडं थोडं. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ लागला की थांबा. वाळा, नागरमोथा ही सुगंधी मुळं वस्त्रगाळच हवीत, भरड कण राहिला की कांडी तिथेच तुटते. (वाळा दळताना मिक्सर कुरकुरतो, आधी कात्रीने बारीक कापा.) सुकवायचं सावलीत, कड पालटत. उन्हात वरून सुकते, आतून ओलीच राहते आणि तडकते. सुगंधी तेलावर फार भिस्त ठेवू नका, बरंचसं सुकतानाच उडतं.