सांदण दरी: मुलांना घेऊन साम्रदला तंबूत मुक्काम, दरीत किती आत जावं?

मानपाडा_ठाणे

नमस्कार. जानेवारीतल्या एखाद्या शनिवार-रविवारी दोन कुटुंबं मिळून साम्रदला, म्हणजे सांदण दरीच्या तोंडाजवळच्या घाटावरच्या गावाला, जायचं ठरतंय. चार मोठी माणसं, ९ आणि १२ वर्षांची दोन मुलं, शिवाय ६६ वर्षांच्या सासूबाई. गाडी घरची आहे. तंबू दोन घेतलेत, एक चौघांचा, एक तिघांचा, दोन्ही अजून पिशवीतच आहेत. मुलं येऊरच्या पायवाटांवर तीन-चार तास आरामात चालतात, पोहता येतं, पण धोंड्यांवरून चढउतार करायची सवय नाही.

तंबू दरीत लावावा की गावात? मुलांना घेऊन किती आत जावं, आणि जानेवारीत पाणी किती असतं? आमच्यातल्या दोघांना दोराने दरी उतरून थेट खालच्या डेहणे गावाला जायचंय, त्यांचं आणि गाडीचं गणित कसं बसवायचं?

कातळवाट, ऐरोली

ताई, मुलं सोबत असतील तर साम्रदकडून दरीत शिरा, दोराचा पहिला टप्पा, म्हणजे दोर लावूनच उतरता येतो असा कडा, येतो त्याच्या अलीकडे थांबा आणि त्याच वाटेने वर या. बाकीचा बेत याच्याभोवती बसवा. त्या टप्प्याखाली उतरून दोर ओढून घेतला की मागची वाट संपली. मग कोणाचा पाय मुरगळला, मूल दमलं, तरी उरलेले टप्पे उतरून डेहण्यापर्यंत चालण्यावाचून पर्याय नाही.

गावातून दरीच्या तोंडाशी जायला अर्धा तास पुरतो. आत शिरल्यावर थोड्याच वेळात पाण्याचे दोन डोह लागतात. पहिला किरकोळ, घोटा ते गुडघा. दुसऱ्याचा नेम नाही. पाऊस किती लांबला त्यावर जानेवारीत तो कधी मांडीपर्यंत, कधी मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत असतो, म्हणजे ९ वर्षांच्या मुलाच्या नाकातोंडाशी. निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या वाटाड्याला फोन करून 'दुसऱ्या डोहाला पाणी कुठवर आहे' एवढंच विचारा. कमरेच्या वर सांगितलं तर धाकट्याला नेऊ नका, किंवा बेत फेब्रुवारीअखेर ढकला.

डोहात बूट काढायचे नाहीत. तळाला सुटे धोंडे आणि शेवाळ आहे, आणि ऊन न लागलेल्या पाण्यात पाय पटकन बधिर होतो, मग दगडाची धार लागलेलीही कळत नाही. एका मोठ्या माणसाने काठीने तळ चाचपत आधी पलीकडे जावं. सॅकचा कमरपट्टा पाण्यात सोडून ठेवा, तोल गेला तर ती झटकन काढता येते. मोबाईल, सुके मोजे आणि मुलांचा कपड्यांचा जोड दोन जाड कचऱ्याच्या पिशव्यांत, एकीत एक, हवा काढून, तोंड पिळून दुमडून रबर लावायचं. एकच पिशवी कपारीला घासून फाटते.

डोहांनंतर धोंडेच धोंडे. इथला बेसॉल्ट दगड पाण्याने इतका गुळगुळीत झालाय की सुक्यातही पाय सरकतो. भार टाकण्याआधी पावलाने दाबून बघायचं, धोंडा डुगडुगला तर बाजूचा घ्यायचा. प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, आणि उतारावर ते माणूस मुलाच्या खालच्या अंगाला. दोन्ही बाजूंना २०० ते ४०० फुटांच्या भिंती आहेत, वर माकडं फिरतात, दगड सुटतात. म्हणून हेल्मेट सगळ्यांना, मुलांना त्यांच्या मापाचं. मोठ्यांचं हेल्मेट पट्टा आवळूनही कपाळावरून मागे घसरतं.

कड्यांवर आग्या मोहोळ असतात. अत्तर, डिओ, धूर, शिट्ट्या, ड्रोन, सगळं बंद. चिंचोळ्या घळीत माश्या उठल्या तर पळायला जागा नाही.

सकाळी साडेसातला शिरा आणि ११ वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा, पुढे कितीही सोपं दिसो. परतीला तीच वाट चढावी लागते, आणि मुलांचा वेग तेव्हा निम्मा होतो. पावसाळ्यात तर दरीत पाऊलही टाकायचं नाही. जानेवारीतही अवकाळीचा अंदाज असेल तर रद्द करा. पाऊस वर माळावर पडतो, लोंढा घळीत येतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला तर सामान सोडा आणि मिळेल त्या बाजूने उंचावर चढा.

बांधावरचा, कळवा

तंबू गावात. दरीत नको. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला, १९८६ साली जाहीर झालेला. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशावर बंधनं आहेत, आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं कलम ३० खाली गुन्हा आहे. वनखात्याच्या नाक्यावरची पावती फाडा, मुक्कामाचं वनरक्षकाला आधी विचारा आणि शेकोटी फक्त घरमालक सांगेल तिथे, अंगणातल्या चुलीवर. येऊरला तर हा प्रश्नच नाही, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, रात्री राहता येत नाही.

गावात ज्यांच्याकडे जेवण सांगाल त्यांच्याच खाचरात तंबू लावा. भात कापून झालेला असतो, जागा सपाट मिळते. पण धसकटं राहतात, ती तंबूच्या तळाला सुईसारखी आरपार जातात. विळ्याने खरवडून घ्या, मग जाड ताडपत्री, मग तंबू. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार बोटं लहान ठेवा. बाहेर डोकावली तर छतावरून निथळलेलं दव तीच गोळा करून तुमच्या मॅटखाली आणते. पायऱ्यांच्या खाचरांत सगळ्यात खालचं घेऊ नका, थंड हवा रात्री तिथे साचते. कड्याच्या टोकाशीही नको, वारा तंबू आडवा करतो.

तंबूसोबत मिळणारे ॲल्युमिनियमचे खुंटे सुकलेल्या खाचरात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून ८ इंची लोखंडी खिळे आणि मोठे वायसर घ्या, दोन तंबूंना वीसेक लागतील, आणि एक हातोडी. खिळा तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेला ठोकायचा. जायच्या आधीच्या रविवारी दोन्ही तंबू सोसायटीच्या गच्चीवर लावून बघा, दांड्या-हुक कमी असतील तर इथेच कळेल.

जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जाऊ शकतो. लोक जाड पांघरुणावर पैसे घालतात आणि मॅट विसरतात, पण थंडी जमिनीतून वर येते. प्रत्येकाला किमान १० मिमी फोमची मॅट. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, त्यातला 'कम्फर्ट' हा आकडा बघा, ५ अंशांच्या आसपास हवा. 'लिमिट' म्हणजे जेमतेम निभावतं तो. छताच्या खिडक्या थंडी वाजते म्हणून बंद करू नका, चौघांच्या श्वासाचं पाणी आतल्या कापडावर साचून पहाटे अंगावर टपकतं.

गॅस शेगडी तंबूत कधीही पेटवायची नाही, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वाऱ्यासाठी आडोसा करताना गॅसची डबी आडोशात घेऊ नका, तापते. २३० ग्रॅमच्या एका डबीत झाकण ठेवून दहा-बारा लिटर पाणी उकळतं. चहा आणि मुलांच्या दुधाला दोन डब्या भरपूर झाल्या, जेवण गावात सांगा.

सासूबाईंसाठी घरात, पडवीच्या आत झोपायची सोय आधीच सांगून ठेवा. तुम्ही दरीत असताना गाडीने रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघून होतं, संध्याकाळी सगळ्यांना घाटघरचा कोकणकडा बघता येईल.

शौचाला संडास नसेल तर ओढ्यापासून २०० फूट दूर, वीतभर खोल खड्डा, नंतर माती. ओले टिश्यू कुजत नाहीत, ते परत ठाण्याला आणायचे.

मानपाडा_ठाणे

फार उपयोगी. म्हणजे मुलं अर्धी दरी आणि परत, हे पक्कं. दोराने उतरणाऱ्या दोघांपैकी एकाने भिंतीवर चढाई केलीय, दुसऱ्याला काहीच अनुभव नाही. स्वतःचा दोर विकत घेऊन चालेल का?

दोर_आणि_गाठ, खारघर

नाही. दोघंच, त्यात एक नवखा, असं जाऊ नये. दोर लावणारा, खाली उभं राहून सांभाळणारा आणि नवख्याला वरून सोडणारा, किमान तीन जाणती माणसं हवीत. प्रशिक्षित लोकांच्या गटातून जा, आणि जायच्या आधी काय बघायचं ते सांगतो.

पहिला टप्पा साधारण ४५ फुटांचा, पुढचे त्याहून लहान. उतरल्यावर खालून ओढून घेता यावा म्हणून दोर दुहेरी सोडायचा तर ३० मीटरचा कागदावर पुरतो, पण कातळात ठोकलेल्या बोल्टपासून काठापर्यंतचं अंतर आणि गाठी धरल्या की अपुरा पडतो. ५० मीटर, १०.५ ते ११ मिमी स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर हवा. बोल्ट दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले, आणि बोल्टांना बांधून दोर अडकवायची पट्टी गटाची स्वतःची. तिथे आधीपासून लटकणारी जुनी पट्टी उन्हाने कमकुवत झालेली असते, रंग उडालेला असला तर नक्कीच. बोल्ट बोटाने फिरत असेल किंवा गंजून पापुद्रे सुटले असतील तर तो मोजायचा नाही.

उतरणाऱ्याच्या खालच्या हाताशी ६ मिमीच्या दोरीची प्रुसिक गाठ (मुख्य दोराभोवती गुंडाळलेली, भार आला की आवळणारी) हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्यांना, अडकवलेली असावी. हात सुटला तर तीच थांबवते. ती इतकी लांब नको की डिसेंडरला, म्हणजे दोरावरून उतरायच्या साधनाला, टेकेल, टेकली की धरतच नाही. खालच्या माणसाने दोराचं टोक धरून बाजूला उभं राहायचं, थेट खाली नाही. मोकळे केस, ओढणी, सुटा शर्ट डिसेंडरमध्ये ओढला जातो आणि माणूस अधांतरी अडकतो, म्हणून सगळं आत खोचा.

दोराच्या दोन्ही टोकांना आठाच्या आकाराच्या गाठी मारतात, म्हणजे टोकावरून घसरायला नको. शेवटचा माणूस उतरल्यावर त्या सोडल्याशिवाय दोर ओढू नका, गाठ वर बोल्टच्या कडीत जाऊन अडकते. शेवटचा वर असतानाच खालून हातभर ओढून दोर सरकतो का ते बघायचं. गटाच्या माणसांना हे प्रश्न विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरा गट शोधा.

शहापूरकर

गाडीचं सांगतो. उतरणारे डेहण्याला निघतात, म्हणजे आपल्या शहापूर तालुक्यात, आजोबा डोंगराच्या पायथ्याशी. गाडी राहते घाटावर. करोली घाटाच्या पायवाटेने परत साम्रदला चढता येतं, पण दरी उतरल्यावर त्याच दिवशी तो चढ नवख्याने करू नये. त्या दोघांनी डेहणे, डोळखांब, शहापूर करत आसनगावहून लोकल पकडावी. जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवा, संध्याकाळी उशिरा आयत्या वेळी मिळत नाही. बाकीच्यांनी गाडी घेऊन सरळ घरी यावं, डेहण्याला वळसा घालत बसू नये. नेटवर्कचा भरवसा नाही, तेव्हा वेळ ठरवून घ्या: रात्री ९ पर्यंत शहापूरहून फोन आला नाही तर वाटाड्याला आणि गटाच्या कार्यालयाला कळवायचं.

जाताना माजिवड्याहून पहाटे साडेपाचच्या आत निघा, नंतर भिवंडी बायपासला ट्रक अडवतात. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये खुला झालाय, कसारा घाट टळतो. घोटीला टाकी भरून घ्या, तिथून शेंडी, मग साम्रद. कोणी लोकलने कसाऱ्याला येणार असेल तर गॅसच्या डब्या त्याच्याकडे देऊ नका, रेल्वेत गॅस न्यायला बंदी आहे. त्या गाडीतच, उन्हापासून लांब.