फाइंड_ऑर_क्रिएट_बाय: आधी शोधायचं की आधी घालायचं?

मुठाकाठ

रेल्समध्ये (रूबी भाषेतली वेब ॲप बनवायची चौकट) "असेल तर आण, नसेल तर बनव" असं काम आलं की हात आपोआप फाइंड_ऑर_क्रिएट_बायकडे जातो. माझं मत मांडतो, विरोधातली मतं हवीच आहेत: ज्या कॉलमवर शोध आहे त्यावर डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा) नसेल, तर ही मेथड कोड रिव्ह्यूमध्येच अडवावी.

उदाहरण घेऊ. पुण्यात घरपोच डबे देणाऱ्या ॲपमध्ये 'विभाग' नावाचं टेबल आहे. ऑर्डर आली की पत्त्यातला विभाग शोधायचा, नसेल तर नवी ओळ घालायची. गोऱ्हे बुद्रुकमधून पहिल्यांदाच आणि एकदमच दोन ऑर्डरी आल्या. पहिली रिक्वेस्ट सिलेक्ट (शोधाची क्वेरी) करते, हाती काही लागत नाही. तेवढ्यात दुसरी तोच सिलेक्ट करते. पहिलीचा इन्सर्ट (ओळ घालणं) अजून कमिट (पक्का) झालेला नसतो, त्यामुळे तिच्याही हाती काही लागत नाही. मग दोघीही इन्सर्ट करतात. आयडी ४१ आणि ४२, दोन्हींचं नाव गोऱ्हे बुद्रुक.

त्या दिवशी कुठलीच एरर येत नाही, खरा धोका तोच. फाइंड_बाय हे ऑर्डर बायशिवाय लिमिट १ लावतं, म्हणजे क्रम न ठरवता एकच ओळ मागतं, म्हणून पुढे कधी ४१ येईल, कधी ४२. ऑर्डरी दोन्हींत वाटल्या जातात आणि महिनाअखेरीला विभागवार हिशेब जुळत नाही.

मॉडेलमध्ये युनिकनेस व्हॅलिडेशन (तेच नाव आधी आहे का, ही रेल्सची तपासणी) आहे, मग काय बिघडतं, असं कोणी म्हणेल. ते व्हॅलिडेशन म्हणजे इन्सर्टच्या आधी केलेला आणखी एक सिलेक्टच. फट तशीच राहते. दोघांपैकी एकाला दारातच थांबवण्याची ताकद फक्त इंडेक्समध्ये आहे.

नळस्टॉप

इंडेक्सबद्दल दुमत नाही. पण इंडेक्स आहेच, तर आधी शोधायचं कशाला? रेल्स ६.० पासून क्रिएट_ऑर_फाइंड_बाय आहे. थेट इन्सर्ट करा, डेटाबेसने रेकॉर्ड_नॉट_युनिक ही एरर फेकली तर असलेली ओळ आणा. शोधणं आणि घालणं यांच्यातली फटच उरत नाही. उरते ती एकच शक्यता: इन्सर्ट आपटला आणि पुढच्या सिलेक्टच्या आत कोणीतरी ती ओळ डिलीट केली. ज्या टेबलातून ओळी काढल्याच जात नाहीत तिथे तीही नाही.

पर्वतीपायथा

@नळस्टॉप, सरसकट असं करायला माझा विरोध आहे. डब्यांच्या ॲपमध्ये हजार ऑर्डरींतल्या ९९९ वेळा विभाग आधीपासून असतोच. म्हणजे ९९९ इन्सर्ट मुद्दाम आपटवायचे. प्रत्येक आपटीला आयडीचा एक आकडा जळतो, कारण सीक्वेन्सने (आयडीचे आकडे देणाऱ्या मोजणीने) दिलेला नंबर, इन्सर्ट रोलबॅक झाला (मागे घेतला गेला) तरी परत येत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ऑटो इन्क्रिमेंटचंही तेच. जुन्या टेबलात आयडी चार बाइटचा इंटिजर असेल तर मर्यादा २,१४,७४,८३,६४७. सेकंदाला १०० आपटले तर साधारण २४८ दिवसांत खेळ खलास, तेही टेबलात जेमतेम दोनशे ओळी असताना! रेल्स ५.१ पासून नवीन टेबलांना बिगइंट (आठ बाइटचा) मिळतो, पण आधीची टेबलं आहेत तशीच आहेत. शिवाय पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आपटलेला साधा इन्सर्ट मेलेली ओळ मागे ठेवतो, ती व्हॅक्यूम या सफाईच्या कामाला झाडावी लागते, आणि लॉगमध्ये एररची रांग लागते ती वेगळीच.

आणि रेल्स ७.१ मध्ये (ऑक्टोबर २०२३) हा वाद बराचसा मिटला आहे. तिथे फाइंड_ऑर_क्रिएट_बाय आधी शोधतं, नाही मिळालं तर आतून क्रिएट_ऑर_फाइंड_बाय चालवतं. नेहमीचा रस्ता एका सिलेक्टचा, क्वचित टक्कर झाली तर सांभाळून घेतलं जातं. मात्र ७.१ च्या आधीच्या आवृत्तीवर रेकॉर्ड_नॉट_युनिक तुम्हालाच पकडून पुन्हा शोधावं लागेल, हे विसरू नये.

नळस्टॉप

आकडे जळण्याचं मान्य. वाचन जास्त, लेखन कमी अशा टेबलाला आधी शोधणंच बरं. पण पेमेंट गेटवेकडून येणाऱ्या वेबहुकच्या (गेटवे आपणहून पाठवतो त्या सूचनांच्या) नोंदी घ्या. तिथे जवळजवळ प्रत्येक आयडी नवाच असतो, पुन्हा आलेला विरळा. आधीचा सिलेक्ट दरवेळी फुकट जातो. माझी मेथड तिथली.

आणि ७.१ ने मिटवलं म्हणताय, तर मुठाकाठ यांनी सांगितलेलं व्हॅलिडेशन इथे उलट आड येतं, तेही बघा. शोध रिकामा आला, तेवढ्यात दुसऱ्याची ओळ कमिट झाली, मग क्रिएटच्या वेळी व्हॅलिडेशनच्या सिलेक्टला ती दिसली. आता इन्सर्ट डेटाबेसपर्यंत पोचतच नाही, रेकॉर्ड_नॉट_युनिक येत नाही, पुन्हा शोध होत नाही. हातात येतो तो सेव्ह न झालेला, आयडी निल (रिकामा) असलेला ऑब्जेक्ट. उद्गारचिन्हवाली (नावाच्या शेवटी ! असलेली) मेथड वापरली तर निदान रेकॉर्ड_इनव्हॅलिड ही एरर येऊन तिथेच कळतं. बिनउद्गारचिन्हाची वापरली तर ऑर्डरला विभागच लागत नाही. जिथे ओळी कोडनेच बनतात, माणसाच्या फॉर्ममधून नाही, तिथून ते व्हॅलिडेशन काढून टाकावं.

कात्रजघाट

जँगोकडून (पायथनमधली अशीच चौकट) दोन गोष्टी जोडतो, कारण आजार एकच आहे. गेट_ऑर_क्रिएट इंडेक्स नसताना तितकंच पोकळ, पण डुप्लिकेट झाले तर पुढचा गेट मल्टिपल_ऑब्जेक्ट्स_रिटर्न्ड फेकतो. रेल्ससारखं गप्प बसून कुठलीतरी एक ओळ देत नाही. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

दुसरी गोष्ट, सगळ्यात जास्त दिसणारी चूक: शोधायची फील्डं आणि भरायची फील्डं एकत्र देणं. इंडेक्स फक्त मोबाइल नंबरवर आहे, आणि शोधताना मोबाइल व नाव दोन्ही दिले. ग्राहकाने नाव बदललं की शोध रिकामा, इन्सर्ट मोबाइलवर आपटतो, दुसरा शोधही त्याच दोन फील्डांवर, म्हणजे पुन्हा रिकामा. रेल्स ७.१ मध्ये शेवटी हाती रेकॉर्ड_नॉट_फाउंड येतं. "बनव" सांगितलं तर "सापडत नाही" असं उत्तर का, म्हणून माणूस तासभर डोकं धरून बसतो. शोधात इंडेक्सवालीच फील्डं द्या. बाकीची जँगोमध्ये डिफॉल्ट्समध्ये, रेल्समध्ये ब्लॉकमध्ये किंवा क्रिएट_विथमध्ये.

आणि पोस्टग्रेसवर स्वतः एरर पकडणार असाल तर इन्सर्टभोवती सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनच्या मधे परत येण्याची खूण) हवाच. नाहीतर एक इन्सर्ट आपटला की बाहेरचं सगळं ट्रान्झॅक्शन बाद होतं आणि पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग (टक्कर झाली तर काही करू नको) जोडलं तर एरर येत नाही, पण टक्कर झाली की रिटर्निंग (घातलेली ओळ परत मागणं) काहीच परत देत नाही. पुन्हा सिलेक्ट आलाच.

औंधकर

सगळे मेथडवर भांडताय, माझा आक्षेप त्याच्या आधीचा आहे. पुण्यातले विभाग ही मर्यादित यादी आहे. ती एकदा नीट भरून ठेवा आणि ऑर्डरच्या वेळी फक्त शोधा. नसेल तर ऑर्डर अडवून माणसाला दाखवा. वाचणाऱ्या कोडला लिहायची मुभा दिली की टेबलात हिंजवडी आणि हिंजेवाडी, दोन्ही येणार. युनिक इंडेक्स त्याला काहीही करू शकत नाही, कारण त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बरं, स्पेलिंग सोडा. धाग्यातलंच गोऱ्हे घ्या. ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो: ऱ, हलन्त, ह, किंवा साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एक, पण पोस्टग्रेसची नेहमीची तुलना बाइटवर चालते, म्हणून तिथे दोन ओळी. यात एनएफसी नॉर्मलायझेशनही (युनिकोडमधली अक्षरं एकाच रूपात आणणं) पुरत नाही. ते र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, जॉइनरला हात लावत नाही. सगळे जॉइनर सरसकट काढले तर रफार होऊन "गोर्हे" असं भलतंच उरतं.

मुठाकाठ

@औंधकर, विभागांच्या बाबतीत पटलं. माझं उदाहरणच चुकलं म्हणा. पण टॅग, वेबहुकचे आयडी, मोबाइलवरून होणारे ग्राहक यांची यादी आधी भरता येत नाही. तिथे ही मेथड लागतेच.

ऱ्ह वर उपाय क्रमाने करायचा: आधी र-हलन्त-जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त घाला, मग एनएफसी, मग स्क्विश (जादा स्पेस काढणं). साधी स्ट्रिप नको, कॉपी-पेस्टमधून आलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस तिला निघत नाही. हे सगळं रेल्स ७.१ च्या नॉर्मलायझेसमध्ये लिहा, म्हणजे नाव भरताना आणि फाइंड_बाय करताना, दोन्हीकडे लागू होतं. जुन्या ओळी मात्र आपोआप बदलत नाहीत, नुसतं सेव्ह करूनही नाही, त्या एकदा नॉर्मलाइझ_ॲट्रिब्यूट लावून सेव्ह करून घ्याव्या लागतात.

पर्वतीपायथा

आणि त्या सेव्ह करताना डुप्लिकेट उघडे पडणार, म्हणून इंडेक्सचा क्रमही सांगतो. नुसतं इंडेक्सचं मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारा कोड) टाकलं तर ते आपटेल. कनकरंटली (लेखन न थांबवता) लावत असाल तर वर इनव्हॅलिड इंडेक्स मागे उरेल, तो हाताने ड्रॉप करावा लागेल. विभागासारखं छोटं टेबल असेल तर कनकरंटलीच्या नादी लागू नका. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टेबलावर शेअर रो एक्सक्लुझिव्ह लॉक घ्या (वाचन चालू राहतं, लेखन थांबतं), जुन्या ओळी नॉर्मलाइझ करा, प्रत्येक नावाचा सर्वात लहान आयडी ठेवा, ऑर्डरींमधला विभाग आयडी त्यावर वळवा, बाकीच्या ओळी काढा, आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये साधा युनिक इंडेक्स लावा. आधी साफसफाई आणि तासाभराने इंडेक्स असं केलं तर मधल्या वेळात नवे डुप्लिकेट येतात.

ऑर्डरींवर फॉरेन की (ऑर्डरचा विभाग खरोखर आहे ना, हे डेटाबेसने बघणं) आहे ना, तेवढं आधी तपासा. असेल तर मधेच ४२ वर आलेली ऑर्डर डिलीटला अडवते, सगळं रोलबॅक होतं, पुन्हा चालवायचं. नसेल तर ती ऑर्डर विभागाविना लटकत राहते.