पूर्व जर्मनीचे कॉफीसंकट आणि व्हिएतनाम

प्रश्न:
लाइपझिगमधील आमच्या शेजारच्या आजी कॉफीचा नवा पुडा फोडला की आधी नाकाशी धरतात आणि "वाटाणा नाही ना यात?" म्हणून हसतात. 1977 साली पूर्व जर्मनीत कॉफीत खरोखरच वाटाणा मिसळत असत का, आणि सरकारवर तशी वेळ का आली?

प्रतिसाद १:
आजींचे म्हणणे खरे आहे. जुलै 1975 मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात कडाक्याच्या थंडीने कॉफीचे मळे करपले आणि जगभर भाव कडाडले. पूर्व जर्मनीचे चलन बाहेर कोणी स्वीकारत नसल्यामुळे कॉफी परकीय चलनातच घ्यावी लागे, आणि वर्षाकाठी सुमारे 15 कोटी पश्चिम जर्मन मार्कांचा हा खर्च 70 कोटींच्या घरात गेला. तेव्हा 51 टक्के कॉफी आणि उरलेल्या भागात चिकोरी, राय हे धान्य, वाटाणा वगैरे असलेले 'काफे-मिक्स' दुकानांत आले. पश्चिमेकडच्या 'याकोब्स क्रोनुंग' या कॉफीवर कोटी करून लोकांनी त्याला पूर्व जर्मनीचे तेव्हाचे सर्वोच्च नेते एरिख होनेकर यांच्या नावाने 'एरिख्स क्रोनुंग' म्हणायला सुरुवात केली. उपाहारगृहांतील यंत्रांत तर वाटाण्याचे पीठ फुगून गाळण्या तुंबत. तक्रारींचा पाऊस पडला, तो उगाच नव्हे.

प्रतिसाद २:
यातूनच पूर्व जर्मनीने इथिओपियाला शस्त्रे देऊन कॉफी घेतली. पुढे 1980 मध्ये व्हिएतनामशी करार करून डाक लाक प्रांतातील लागवडीसाठी यंत्रे, ट्रक आणि तज्ज्ञ पाठवले. मोबदल्यात 20 वर्षे निम्मे पीक मिळायचे होते. भरघोस पीक हाती येण्याच्या सुमारास, 1990 मध्ये, पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही.

प्रतिसाद ३:
एक पुरवणी जोडतो. आज व्हिएतनाम उत्पादनात ब्राझीलखालोखाल आहे, पण त्याचे सगळे श्रेय या कराराला देणे मला पटत नाही. कॉफीचे रोप तिथे फ्रेंचांनी 1857 मध्येच नेले होते, आणि खरी वाढ झाली ती 1986 नंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे. बाकी, पूर्वेत प्यायल्या जाणाऱ्या कॉफीचा सुमारे पाचवा हिस्सा पश्चिमेकडच्या नातेवाइकांच्या पार्सलांतून येत असे.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. पार्सलांचे आजींना विचारले. बहिणीने हॅनोव्हरहून पाठवलेला पुडा त्या पाहुण्यांसाठी राखून ठेवत आणि घरच्यांना मिक्सच पाजत.