मदत हवी आहे: एकाच पानावरचे काही दुवे उघडतात, काही उघडत नाहीत

वेशीवरची

नमस्कार मंडळी. चार दिवस एकाच जागी अडकले आहे, म्हणून इथे विचारते. थोडं सविस्तर लिहिते, कारण नेमकं काय महत्त्वाचं आहे ते मला कळत नाहीये.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी आणि माझ्या चुलतभावाने २०१३-१४ मध्ये फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. एकूण १८६ तुकडे. काही वीस सेकंदांचे, काही वीस मिनिटांचे. मध्येच कोंबडा आरवतो, मध्येच शेजारची काकू हाक मारते, आणि आजी ओवी अर्धी टाकून तिच्याशी बोलते. आम्ही काहीही कापलेलं नाही. प्रत्येक फाइलला मी तेव्हाच मराठीत नाव दिलं: 'भावाची ओवी', 'पंढरीची वाट', 'सूर्य उगवताना' अशी. घरच्या संगणकावर एक साधं एचटीएमएल पान केलं होतं. नावावर क्लिक करायचं की ओवी ब्राउझरमध्येच वाजायला लागायची. इंटरनेट लागत नव्हतं. आजी २०१६ साली गेली. त्यानंतर ते पान आमच्या घरात फार वेळा उघडलं गेलं आहे.

यंदा तो जुना संगणक बंद पडला. फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या, पण यादीचं पान गेलं. नव्या लॅपटॉपवर तीन रात्री बसून मी ते पुन्हा टाइप केलं, फाइलीचं एकेक नाव बघून. आता १५५ दुवे व्यवस्थित चालतात आणि ३१ चालत नाहीत. क्लिक केलं की 'फाइल सापडली नाही' अशी पाटी येते. तीच फाइल फोल्डरमध्ये जाऊन डबलक्लिक केली की छान वाजते. म्हणजे फाइल आहे, खराब नाही आणि नावही तेच आहे. अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, ऱ्हस्व-दीर्घसुद्धा.

आतापर्यंत केलेले उपाय: क्रोमची कॅश पुसली, गुप्त खिडकीत उघडून पाहिलं, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन काढलं, फायरफॉक्स आणि एज दोन्हींत पाहिलं, लॅपटॉप बंद-चालू केला. तिन्ही ब्राउझरमध्ये तेच ३१ अडतात.

घाई अशासाठी की रविवारी आत्या आठ दिवसांसाठी येणार आहेत. त्या ७८ वर्षांच्या आहेत. ओव्यांतले कितीतरी शब्द आता फक्त त्यांनाच कळतात. त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यायचे आहेत. कुणाला काही सुचत असेल तर कृपया सांगा.

पाटीपेन्सिल

ताई, आधी एक चांगली गोष्ट: तुमचा ब्राउझर ठीक आहे. तीन वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये नेमके तेच दुवे अडत असतील तर कॅश आणि एक्स्टेन्शन यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. खोट पानात किंवा नावांत आहे.

काही प्रश्न:

नावांत कुठे # किंवा % आहे का? विंडोज फाइलीच्या नावात ही चिन्हं चालवून घेतं, पण दुव्यात # आलं की ब्राउझर पत्ता तिथेच संपला असं धरतो आणि पुढचा भाग पानातली जागा समजतो. % चा तर त्याहून वेगळा अर्थ होतो.

सगळ्या फाइली एकाच प्रकारच्या आहेत का? जुने फोन एएमआर प्रकारात रेकॉर्ड करायचे, ते ब्राउझरला वाजवता येत नाही.

आणि फोल्डर फार खोलवर आहे का? पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की विंडोजवर बऱ्याच ठिकाणी अडतं.

वेशीवरची

धन्यवाद दादा. # किंवा % कुठेही नाही. सगळ्या फाइली तेव्हाच एमपी३ करून घेतल्या होत्या. फोल्डर थेट डी ड्राइव्हवर आहे, त्याचं नाव नुसतं 'ओव्या'. सगळ्यात लांब नाव मोजलं तर ४१ अक्षरं भरली.

खाडीपलीकडे

मलाही हाच त्रास आहे म्हणून इथेच लिहितो. एका सरकारी संकेतस्थळावर अर्जाच्या पीडीएफवर क्लिक करतो तर काहीच होत नाही. पाटी नाही, खिडकी नाही, काही नाही. आधी चालायचं. ताईंना उत्तर मिळालं तर माझंही काम होईल.

पाटीपेन्सिल

@खाडीपलीकडे, तुमचं दुखणं वेगळं आहे. ताईंना पाटी दिसते, म्हणजे त्यांचा ब्राउझर फाइल शोधायला जातो आणि हात हलवत परत येतो. तुमच्याकडे काहीच घडत नाही, म्हणजे ब्राउझर जायलाच तयार नाही. दुवा अडला की पहिला प्रश्न हाच विचारावा, त्यावरून अर्धी शोधाशोध वाचते.

बहुतेक असं असणार: पान एचटीटीपीएसवर आहे आणि पीडीएफचा दुवा अजून जुन्या एचटीटीपीवर. सुरक्षित पानावरून असुरक्षित डाउनलोड क्रोमने २०२० पासून टप्प्याटप्प्याने बंद करत आणलं. फायरफॉक्सने ९३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, तेच केलं. एफ१२ दाबा, कन्सोल उघडा आणि मग दुव्यावर क्लिक करा. तिथे ओळ उमटली तर कारण कळेल. तोवर दुव्यावर उजवं क्लिक करून पत्ता कॉपी करा, नव्या टॅबमध्ये चिकटवा आणि एंटर मारा. बहुतेक वेळा फाइल मिळते. मात्र फाइल असुरक्षित वाटेनेच येते, म्हणून हे फक्त खात्रीच्या संकेतस्थळावर करा.

खाडीपलीकडे

मिळाली! पत्ता चिकटवल्याबरोबर उतरली. मनापासून आभार. ताई, तुमच्या धाग्यात मध्येच घुसलो, माफ करा.

उंबरठा

पानाच्या सुरुवातीला यूटीएफ-८ असं लिहिलं आहे का? नसेल तर मराठी अक्षरांचा चिवडा होतो आणि दुवे तुटतात.

वेशीवरची

लिहिलं आहे. आणि पानावर मराठी स्वच्छ दिसतं. तसा चिवडा झाला असता तर सगळेच दुवे अडले असते ना?

कळफलक

ताई, अडलेल्या दुव्यांची पंधरा-वीस नावं इथे जशीच्या तशी टाका. चालणारीही पाच-सहा टाका. एक शंका आहे, पण नावं पाहिल्याशिवाय बोलत नाही.

वेशीवरची

न चालणारी: सासऱ्याची ओवी, वाऱ्याची ओवी, दुसऱ्या बाळंतपणाच्या ओव्या, बिऱ्हाड, कऱ्हाडची वाट, गोऱ्या नणंदेची, साऱ्या जावा, चाऱ्याचा भारा, नवऱ्याचं नाव, पहाटेच्या वाऱ्यात, ॲम्बॅसिडरमधली वरात (ही ओवी नाही, आजीने सांगितलेली गोष्ट आहे).

चालणारी: भावाची ओवी, पंढरीची वाट, सूर्य उगवताना, माहेरची वाट, पहिली माझी ओवी, धैर्य.

कळफलक

सापडलं. यादी पुन्हा वाचून बघा. 'सूर्य' आणि 'धैर्य' चालतात. 'सासऱ्या', 'वाऱ्या', 'बिऱ्हाड', 'कऱ्हाड' अडतात. रफार चालतो आणि पापणीसारखा अर्धा र अडतो. दर्या आणि दऱ्या यांतला जो फरक, तोच.

आता नीट समजावून सांगतो, कारण हे दुखणं आपल्या मराठीला वरचेवर होतं. हा अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक तऱ्हा: ऱ हे वेगळं अक्षर, त्याला हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी J ची कळ दाबली की हा ऱ मिळतो. दुसरी तऱ्हा: साधा र, हलन्त, मग एक अदृश्य सांधा, मग य. त्या सांध्याला रुंदी नसते, तो दिसत नाही, फक्त 'इथे रफार करू नको' एवढंच सांगतो. जुन्या फोनेटिक टंकलेखनात ही दुसरी तऱ्हा सर्रास वापरली जायची.

हे पाहा, दोन्ही खाली लिहितो:

दऱ्या
दर्‍या

डोळ्यांना एकच शब्द. संगणकासाठी पहिल्यात पाच चिन्हं आहेत आणि दुसऱ्यात सहा. विंडोज फाइलीचं नाव अर्थ लावून वाचत नाही, चिन्हं मोजून ताडतं. या दोन नावांच्या दोन फाइली तुम्ही एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी ठेवू शकाल आणि विंडोज एका शब्दाने हरकत घेणार नाही. करून बघा, पटेल.

फाइलींची नावं तुम्ही दहा वर्षांपूर्वी जुन्या संगणकावर टाइप केलीत. पान आता नव्या लॅपटॉपवर, बहुतेक वेगळ्या कळफलकाने. ताडताना तुम्ही डोळ्यांनी ताडलंत, त्यामुळे चूक दिसणं शक्यच नव्हतं.

खात्री करायची तर अशी करा. अडलेल्या दुव्याची पाटी आली की वरचा पत्ता कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच्या जागी टक्क्यांची लांबलचक माळ दिसेल. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि प्रत्येक बाइटला एक टक्का लागतो. तुमचा पत्ता नव्या तऱ्हेचा असेल तर त्यात ई०-ए४-बी१ असा तुकडा मिळेल, तो ऱ. मग मूळ फाइल उचलून ब्राउझरच्या खिडकीत टाका, ती वाजायला लागेल. तिचाही पत्ता तसाच चिकटवा. त्यात ई०-ए४-बी० आणि थोडं पुढे ई२-८०-८डी दिसलं तर तोच अदृश्य सांधा.

वेशीवरची

दिसला!! दोन्ही माळा एकाखाली एक ठेवल्या. फाइलीच्या पत्त्यात ई२-८०-८डी आहे, माझ्या पानाच्या पत्त्यात नाही. चार दिवस मी हेच नाव बघत होते.

आता दुरुस्ती कशी करू? ३१ नावं पुन्हा टाइप केली तर हा कळफलक पुन्हा तेच लिहील.

कळफलक

टाइप करूच नका. फाइलीवर जा, एफ२ दाबा, नाव निळं होईल, कंट्रोल-सी करा आणि एस्केप दाबून बाहेर या. मग पानात त्या दुव्यातलं नाव निवडून त्यावर कंट्रोल-व्ही. एफ२ ने शेवटचं एमपी३ बहुधा निवडलं जात नाही, ते पानात आहे तसं राहू द्या. ३१ दुवे म्हणजे अर्ध्या तासाचं काम. सुरू करण्याआधी पानाची एक प्रत काढून ठेवा, आणि फोल्डरचीही. हार्ड डिस्क एकच असेल तर आजच दुसरीकडे उतरवून ठेवा, हे मी कळकळीने सांगतो.

पाटीपेन्सिल

कळफलक, मान गए. माझ्या डोक्यातही आलं नसतं.

ताई, आत्या जाऊन निवांत झालात की आणखी एक करा. फाइलींच्या दुसऱ्या प्रतीला नुसते आकडे द्या, ००१ पासून १८६ पर्यंत, आणि मराठी नाव पानावर दिसणाऱ्या मजकुरात ठेवा. दुव्याच्या पोटात मराठी नसलं तरी वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. उद्या हे सगळं फोनवर किंवा मॅकवर नेलंत तरी मग हा प्रश्न येणार नाही. पण मूळ नावांची प्रत मोडू नका. त्या नावांतही दहा वर्षांपूर्वीची तुमची निवड आहे, कुठल्या ओवीला काय म्हणावं याची.

वेशीवरची

रात्री बसून केलं. तीस चालले. एक अजूनही अडलाय: 'ॲम्बॅसिडरमधली वरात'. त्यात तर अर्धा र नाहीच! आधी लक्षात आलं नव्हतं, म्हणून त्याचं नाव मी घाईत पुन्हा टाइप केलं होतं.

कळफलक

ते दुसरं जोडपं आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ व्या आवृत्तीत आलं. त्याआधी आणि नंतरही कितीतरी जण अ लिहून त्यावर चंद्र ठेवत आले: अॅ. दिसायला दोन्ही सारखे, पण आत एक चिन्ह की दोन हा फरक राहतोच. तुमची फाइल जुन्या पद्धतीची असणार. तिथेही एफ२.

वेशीवरची

झालं! १८६ पैकी १८६. एकेक उघडून पाहिला, पहाटेचे दोन वाजले.

'बिऱ्हाड' मी कितीतरी वर्षांनी ऐकली. त्यात शेवटी आजी मला विचारते, 'चालू हाय का गं ते?' आणि मी 'हो' म्हणते, आणि ती पुन्हा सुरुवातीपासून म्हणते. हे मी विसरून गेले होते.

तुम्हा तिघांचे फार फार आभार. चुलतभावाने सगळ्याची प्रत त्याच्याकडे उतरवून घेतली आहे, एक प्रत मी पेनड्राइव्हवर वेगळी ठेवली आहे. आकड्यांची प्रत पुढच्या महिन्यात करेन. १८६ फाइलींना एका दमात नावं देण्याची काही सोय विंडोजमध्ये असेल तर तेवढं सांगून ठेवा, नाहीतर एफ२ आहेच.