जीटीए ५ साठी छोट्या लॅपटॉपमध्ये नक्की काय काय बदलता येतं?

शेवटचा_बाक:
नमस्कार मंडळी, बारावीनंतर घरच्यांनी अभ्यासासाठी (हो हो, अभ्यासासाठीच) सेलमध्ये लॅपटॉप घेऊन दिलाय, ११.६ इंची, सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेलं स्टोरेज). मला जीटीए ५ आणि व्हॅलोरंट खेळायचंय. सध्या क्रोमच्या चार टॅब उघडल्या की मशीन गपगार पडतं. आमच्याकडच्या एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो ८ हजारात रॅम आणि २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाकून देतो, मक्खन चालेल. माझ्याकडे सात-आठ हजार आहेत, देऊ का त्याला? की प्रोसेसर पण बदलावा लागेल? कळत नाही म्हणून विचारतोय, हसू नका.

पाना_पकड:
हसत नाही भावा, पण त्या दुकानाची पायरी परत चढू नकोस. या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकायला जागाच नसते. ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे, यूएचडी ६००, आणि प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला असतो, डेस्कटॉपसारखा सॉकेटमधून काढून दुसरा बसवता येत नाही. तो बहुतेक रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत) एक आकडा बदलून तुला '२ जीबी' दाखवणार आणि पैसे घेणार. तो आकडा नुसता दाखवायचा असतो, खरी मेमरी तुझ्या ४ जीबीतूनच जाते.

आता रॅमचं. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर, खाली 'फॉर्म फॅक्टर' लिहिलेलं असतं. तिथे 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बोर्डावरच चिकटवलेली आहे, विषय संपला. 'एसओडिम' दिसलं तर स्लॉट आहे, मग एकच ८ जीबीची काडी टाक, इंटेलने या प्रोसेसरला ८ च्या वर परवानगी दिलेली नाही. काय दिसतंय ते इथे टाक. आणि मागचं झाकण उघडता येत असेल तर तेही बघ, पण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढ आणि स्क्रू कुठला कुठे होता ते कागदावर लिही, या मशीनमध्ये लांब स्क्रू आखूड जागी पिळला की वर कीबोर्डला टेंगूळ येतं.

फुल_चार्ज:
ईजीपीयू, म्हणजे बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड, का नाही लावत? वायफाय कार्ड काढून त्या स्लॉटमधून केबल बाहेर काढायची आणि डेस्कटॉपचं कार्ड जोडायचं, व्हिडिओ बघितलेत मी, पळतं.

पाना_पकड:
व्हिडिओत पळतं रे. एन४०२० ला पीसीआयई (कार्ड जोडायचा मार्ग) २.० आहे, त्या स्लॉटमधून एकच लेन मिळणार म्हणजे सेकंदाला जेमतेम ५०० एमबी, आणि बऱ्याच मशीनमध्ये वायफाय सीएनव्हीआयवर (इंटेलची वायफायसाठीची वेगळी जोडणी) असतं, तिथे ती लेनसुद्धा नसते. वर वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), बाहेरचा मॉनिटर, वायफायला यूएसबी डोंगल. सगळं टेबलावर मांडल्यावर लॅपटॉप कमी आणि पोस्टमॉर्टेम जास्त वाटतं. आणि एवढं करून प्रोसेसर दोन कोअरचाच, जीटीए ५ ला कमीत कमी चार कोअर मागितलेत, तेही २०१५ साली.

शेवटचा_बाक:
बघितलं. रो ऑफ चिप्स 😭 पण झाकण उघडलं तर एक रिकामा एम.२ स्लॉट आहे, शेजारी २२४२ छापलंय. आणि अजून एक, स्टीम (गेम घ्यायचं ॲप) इन्स्टॉलच होत नाहीये, फक्त स्टोअरमधलंच टाका म्हणतोय.

दोन_नंबरची_काडी:
स्टीमचं उत्तर मी देतो, तुझं विंडोज एस मोडमध्ये आहे. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनला जाऊन 'स्विच आउट ऑफ एस मोड', फुकट होतं, दुकानात याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. फक्त एकदा बाहेर पडलास की परत आत जाता येत नाही, पण जायचंय कोणाला!

रॅमबद्दल, इतरांसाठी लिहून ठेवतो. माझा रायझन ३ ३२५०यू आहे, ४ जीबी सोल्डर आणि एक रिकामा स्लॉट होता, त्यात अजून ४ टाकली. फरक नुसता ८ जीबीचा नाही, ड्युअल चॅनल झाल्याचा, म्हणजे रॅमला एकाऐवजी दोन रस्ते मिळाल्याचा आहे. डीडीआर४ २४०० एका चॅनलवर सेकंदाला १९.२ जीबी देते, दोनवर ३८.४, आणि आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसल्यामुळे ते यावरच जगतं. गेम मध्येच अडखळायचा तो बराच थांबला. हल्ली रॅमचे भाव मात्र डोक्यात गेलेत, जुनी काढलेली काडी तपासून मिळत असेल तर तीच घ्या.

पाना_पकड:
बाकड्या, त्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी, म्हणजे ईएमएमसीपेक्षा वेगवान स्टोरेजची काडी, बसते. २२४२ म्हणजे २२ मिमी रुंद आणि ४२ लांब. बाजारात सर्रास मिळते ती २२८०, ती तुझ्यात मावणारच नाही, दुकानदार 'बसतंय बसतंय' म्हणेल, ऐकू नकोस. दुसरं, स्वस्त मशीनमध्ये हा स्लॉट बऱ्याचदा फक्त साटा (जुनी, हळू जोडणी) असतो, त्यात एनव्हीएमई (नवी, वेगवान) एसएसडी दिसतसुद्धा नाही. साटावाल्या एसएसडीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. पण स्लॉटच्या खाचेवरून खात्री धरू नकोस, मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअल शोध. एसएसडी मिळाली की तिच्यावर विंडोज नवीन टाक, लायसन्स बोर्डाला बांधलेलं असतं, आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

याने मशीन जागं होईल, गेमचे फ्रेम नाही वाढणार. तसंही ६४ जीबीत विंडोज गेल्यावर उरतं किती, जीटीए ५ एकटा ७० च्या वर मागतो. या लॅपटॉपवर सॅन अँड्रियास, २००५ चा मोस्ट वाँटेड, हाफ लाइफ २, पोर्टल, स्टारड्यू व्हॅली, सीएस १.६ हे खेळ. गरीब नाहीयेत हे गेम, अर्धा महाराष्ट्र सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून यातलेच खेळत मोठा झालाय.

शेवटचा_बाक:
आणि उरलेले पैसे?

दोन_नंबरची_काडी:
साठव अजून थोडे. ऑफिसमधून निघालेले डेस्कटॉप मिळतात, पुण्यात असशील तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. चौथ्या जनरेशनचा आय५, ८ जीबी, आणि त्यात जीटीएक्स ७५० टीआय. हे कार्ड ६० वॉटचं, बहुतेकांना वेगळी पॉवर केबल लागत नाही म्हणून कंपनीच्या छोट्या एसएमपीएसवर निभतं. जीटीए ५ याच्यावर आरामात. डबा बारका असेल तर लो प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्ड बघ. जीटी १०३० कोणी दाखवलं तर त्यावरची मेमरी जीडीडीआर५ आहे का विचार, त्याच नावाने डीडीआर४ वालं पण विकतात आणि ते फारच हळू आहे.

पाना_पकड:
व्हॅलोरंटचं धरून चालू नकोस पण. विंडोज ११ वर ते टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागतं, चौथ्या जनरेशनला विंडोज ११ अधिकृत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. ते खेळायचंच असेल तर आठव्या जनरेशनपर्यंत थांब. आणि घेताना दुकानातच मॉनिटर लावून एखादा गेम अर्धा तास चालवून बघ, नुसता डेस्कटॉप दाखवून 'ओके आहे' म्हणाला तर उठून ये.

शेवटचा_बाक:
ठीक, आधी २२४२ शोधतो. घरी 'अभ्यासाला लागते' सांगितलंय.